बॅटरी डिकीत नेताय, पण वायरचं काय?

प्रश्न : माझ्याकडे वीसेक वर्षं जुनी, दोन दारांची गाडी आहे. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. ट्रॅकवर पळवायची म्हणून सवडीने तयार करतोय. वजन ११५० किलो, त्यातलं ५६ टक्के पुढच्या चाकांवर. आता टर्बो बसवतोय आणि इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप नेमका बॅटरीच्या जागेतून येतो. सगळे म्हणतात, बॅटरी डिकीत टाक, वजनाचा तोलही सुधारेल. बॅटरी साधी, पाण्याची, १६ किलोची आहे. ॲम्प्लिफायरच्या किटमधली २५ स्क्वेअर एमएमची लाल वायर घरात पडून आहे, ती पुरेल ना? निगेटिव्ह डिकीतच बॉडीला दिला तर चालेल ना? आणि सेल्फच्या वायरला फ्यूज लावायचा नसतो असं ऐकलंय, ते खरं का? — टर्बोवाला

टर्बोवाले,

तिन्ही उत्तरं आधी एका दमात देऊन टाकतो. वायर पुरणार नाही. निगेटिव्ह बॉडीला जोडणं, म्हणजे अर्थ, चालेल, पण तेवढ्यावर भागणार नाही. आणि फ्यूजबद्दल ऐकलंत ते तुमच्या गाडीला लागू नाही.

बॅटरी हलवायची ठरली की सगळ्यांचं लक्ष बॅटरीवरच असतं. पेटी कुठली घ्यायची, डिकीत ती दिसेल कशी, झाकण काळं की लाल. तुम्ही मात्र वायरीबद्दल विचारलंत, हे बरं झालं. कारण तुम्ही गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तुमच्याच सीटशेजारून, पाच मीटर लांबीची एक सतत जिवंत वायर नेणार आहात. किल्ली काढून खिशात टाकली तरी ती जिवंतच राहते. शॉर्ट झाली तर तिच्यामागची बॅटरी क्षणात हजार-दोन हजार अँपिअर ओकू शकते. कारखान्यातून आलेल्या तुमच्या गाडीत हीच वायर जेमतेम हातभर आहे आणि बॉनेटखालून बाहेर पडत नाही. फरक काय तो एवढाच, पण बाकी सगळं काम त्यातून निघतं.

आधी वजनाचा हिशेब करू, कारण ‘तोल सुधारतो’ हे वाक्य नेहमी आकड्याशिवाय फिरत असतं. दोन ॲक्सलमधलं अंतर तुम्ही लिहिलेलं नाही, मी २.४५ मीटर धरतो. बॅटरी सध्या पुढच्या ॲक्सलच्या २० सेंटिमीटर मागे आहे आणि डिकीत ती मागच्या ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे बसेल असं समजू. म्हणजे ती २.५५ मीटर मागे सरकली. १६ गुणिले २.५५ भागिले २.४५, म्हणजे साडेसोळा किलोच्या आसपास ओझं पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर गेलं. बॅटरीच्या वजनापेक्षा किंचित जास्तच, कारण ॲक्सलच्या मागे गेल्यावर ती तरफेसारखी पुढचं टोक थोडं उचलते. पण जाड वायर, पेटी, क्लॅम्प, पत्र्याखालच्या पट्ट्या मिळून चार-पाच किलो नव्याने चढले. सगळं धरून तुमचे ५६ टक्के साडेचोपन्नवर येतात. दीड टक्का. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबाल तेव्हा मागची पकड थोडी वाढलेली कळेल. त्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नका.

आणि या दीड टक्क्याची किंमतही आहे. तिच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. गाडी वळते तेव्हा ती आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरते, आणि टोकाला असलेलं वजन त्या फिरण्याला विरोध करतं. हा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. तुमच्या गाडीचा मध्य पुढच्या ॲक्सलच्या साधारण १.०८ मीटर मागे येतो. बॅटरी आधी त्याच्यापासून ०.८८ मीटरवर होती, आता १.६७ मीटरवर गेली. वर्ग करून पाहा : फिरण्याला तिचा विरोध साडेतीन पट झाला. म्हणजे वजनाचा तोल सुधारला, पण डावी-उजवी अशी झटपट वळणं घेताना गाडी किंचित जड झाली. म्हणून डिकी म्हणजे डिकीचं मागचं टोक असं समजू नका. मागच्या सीटच्या पाठीला जितकी चिकटून आणि जमिनीला जितकी जवळ बसवता येईल तितकी बसवा. स्टेपनीच्या खड्ड्याचा मोह सगळ्यांना होतो. तो खोल असतो हे खरं, पण तो अगदी मागे असतो आणि मागून कोणी ठोकलं तर सर्वांत आधी तोच चेपतो.

डावी की उजवी? ट्रॅकसाठी ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजू. गाडीत तुम्ही एकटेच असणार, तेव्हा तुमच्या वजनाला तेवढाच उतारा. सरळ पट्टीवर शर्यत खेळणारे बॅटरी मुद्दाम मागच्या उजव्या चाकाजवळ ठेवतात. अखंड ॲक्सलच्या गाडीत जोर देताना शाफ्टच्या पिळाने तेच चाक हलकं होतं, म्हणून. तुमचा तो खेळ नाही.

निव्वळ वजनासाठी विचारलं असतंत तर मी सरळ सांगितलं असतं की हलवू नका, हलकी बॅटरी घ्या. ट्रॅकच्या गाडीत दिवे-गाणी फारशी लागत नाहीत, त्यामुळे सात-आठ किलोची छोटी एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून ठेवणारी, सीलबंद) बॅटरी मूळ जागीच ठेवून आठ किलो खरोखर कमी होतात, एकही नवा सांधा न वाढवता. लिथियम आयर्न फॉस्फेटची तर तीन-चार किलोतच मिळते. मात्र तिला गोठण बिंदूखाली चार्ज करायचं नसतं, चार्जिंगचा व्होल्टेज १४.६ च्या वर गेलेला तिला चालत नाही, आणि आतल्या संरक्षक सर्किटने मध्येच हात वर केले तर चालत्या इंजिनातच बॅटरी सुटल्यासारखं होतं. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असती तर पुढचं वजन काढण्याआधी मी दहा वेळा विचार करायला लावला असता. पण तुमच्याकडे पाइपसाठी जागाच नाही, वर टर्बोची भट्टी पेटणार. बॅटरीचं तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिलं तर तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा जुना ठोकताळा आहे. तेव्हा न्याच डिकीत. कारण तोल नव्हे, जागा आणि उष्णता, एवढं मनात स्पष्ट असू द्या.

आता ती २५ स्क्वेअर एमएमची लाल वायर. तांब्याचा रोध एका मीटरला, एका स्क्वेअर एमएमला ०.०१७५ ओहम. पाच मीटर, २५ स्क्वेअर एमएम, म्हणजे साडेतीन मिलिओहम. सेल्फ फिरताना चार सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन दोनशे अँपिअर सहज खातं, आणि पहिल्या झटक्याला याच्या दुप्पटही. दोनशेवर ०.७ व्होल्ट वायरीतच गेले. हे वायर शुद्ध तांब्याची असेल तर. किटमधली वायर बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची असते, वरून तांब्याचा मुलामा. तिचा रोध दीडपटीहून जास्त, म्हणजे १.१ व्होल्ट गेले. थंडीत, अर्धवट चार्ज असलेल्या बॅटरीवर सेल्फ मारताना आधीच साडेदहा व्होल्टच्या आसपास मिळतात. त्यातून हे वजा करा आणि सेल्फला काय उरतं ते बघा. टोकाची एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरट निघाली तर ती वायर स्पीकरच्या कामाला ठेवा. गंमत म्हणजे अशा वायरीवर इंग्रजीत ‘सीसीए’ छापलेलं असतं आणि बॅटरीवरही ‘सीसीए’ असतं. बॅटरीवरचं म्हणजे थंडीत सेल्फ फिरवायची ताकद, ते जितकं जास्त तितकं चांगलं. वायरीवर तीच तीन अक्षरं दिसली की दुकानातून बाहेर पडावं.

तुम्हाला हवी शुद्ध तांब्याची, बारीक तारांची, ५० स्क्वेअर एमएमची केबल. तिच्यात दोनशे अँपिअरला ०.३५ व्होल्ट जातात, ते चालतं. कॉम्प्रेशन फार वाढवलं असेल तर ७० ची घ्या. वेल्डिंगची केबल लवचिक असते, बरेच जण तीच वापरतात आणि मला तिचं वावडं नाही. फक्त तिचं रबर तेल-पेट्रोल सोसणारं आहे का ते विचारून घ्या, नाहीतर बॉनेटखालच्या भागात ते फुगतं. लांबी ठरवताना टेप नको, सुतळी घ्या. ज्या वाटेने वायर जाणार त्याच वाटेने, प्रत्येक वळसा घेत सुतळी टाका आणि मग ती मोजा. सरळ अंतर तीन मीटर वाटतं तिथे पाच भरतात.

टोकाचे लग, म्हणजे बोल्टवर कसायच्या धातूच्या कड्या, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. स्वतःकडे नसेल तर मोठ्या केबलचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. हातोड्याने चेपलेला लग पहिल्या महिन्यात काही बोलत नाही, नंतर गरम होऊ लागतो. फक्त सोल्डर भरून भागवणाऱ्यांचंही ऐकू नका. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, तिथे केबल कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी त्या रेषेवर तुटते. वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह घाला.

वाट शक्यतो आतून, दाराच्या उंबऱ्यालगत, गालिच्याखालून. पेट्रोलची लाइन ज्या बाजूने जाते त्याच्या विरुद्ध बाजूने. सीटची रेल, सीटचे बोल्ट, सीटबेल्टचा बोल्ट यांच्याजवळ विशेष लक्ष द्या, सीट पूर्ण मागे-पुढे सरकवून बघा. क्रँक सेन्सर आणि एबीएसच्या बारीक वायरींना समांतर चिकटवू नका. प्रत्येक पत्र्यातल्या भोकाला कड घासून, प्रायमर मारून, रबरी ग्रोमेट. वर जाड स्लीव्ह आणि दर वीत-दोन वीत अंतरावर क्लिप. हा भाग वाचायला कंटाळवाणा आहे, करायला त्याहून जास्त आहे, आणि एखादा दिवस जास्त लागला तरी इथेच लागू द्या.

कारण फ्यूज. ‘सेल्फच्या वायरला फ्यूज नसतो’ हे कारखान्याच्या गाड्यांत बऱ्याचदा खरं असतं, पण तिथे वायर हातभर आणि बॉनेटखाली असते. तुमची केबिनमधून जाणार आहे. फ्यूज सेल्फला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात, बोल्टने कसायचा, २५० किंवा ३०० अँपिअरचा मेगा फ्यूज लावा. सेल्फ मारताना तो उडेल ही भीती बाळगू नका. हे फ्यूज संथ असतात. पहिला झटका सेकंदाच्या अंशात संपतो आणि पुढचे दोनशे अँपिअर त्याच्या मर्यादेतच आहेत. वायर अपघातात चिरडून पत्र्याला थेट चिकटली की मात्र हजारांत करंट जातो आणि तो लगेच तुटतो.

पण एक गोष्ट फ्यूजच्या हातात नाही. वायरीचं रबर घासून घासून एका बिंदूत तांबं पत्र्याला टेकलं, तर तो खराब सांधा समजा दीडशेच अँपिअर ओढेल. फ्यूज शांत बसेल. १२ व्होल्ट गुणिले दीडशे म्हणजे १८०० वॉट, एक चांगली मोठी शेगडी, तुमच्या गालिच्याखाली. म्हणून म्हटलं, ग्रोमेट आणि क्लिपांवर दिवस घालवा.

ट्रॅकच्या गाडीसाठी मला स्वतःला आणखी एक पद्धत आवडते. डिकीत, बॅटरीजवळ, सेल्फचा वेगळा सोलेनॉइड, म्हणजे विजेने चालणारा मोठा स्विच, बसवायचा. जाड केबल त्याच्या पुढून निघते, म्हणजे तुम्ही सेल्फ मारता त्या दोन सेकंदांपुरतीच ती जिवंत असते, एरवी मेलेली. फ्यूजबॉक्स आणि अल्टरनेटरसाठी (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) दुसरी, २५ स्क्वेअर एमएमची वायर वेगळ्या १२५ अँपिअरच्या फ्यूजमधून न्यायची. तुमच्या काळातल्या गाडीचा ८०-९० अँपिअरचा अल्टरनेटर तिला झेपतो. यात एक खोच आहे. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरची वायर सेल्फच्या बोल्टवरच येते. ती तिथून काढून दुसऱ्या वायरीवर घेतली नाही, तर इंजिन सुरू असेपर्यंत जाड केबल मागच्या दाराने पुन्हा जिवंत होते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

आता अर्थ. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिल्यांदा बॅटरी मागे नेली तेव्हा पॉझिटिव्हवर मी जीव ओतला होता. निगेटिव्ह डिकीत बॉडीला दिला आणि हात झटकले. थंड असताना गाडी सुरू व्हायची, गरम झाली की सेल्फ म्हाताऱ्यासारखा कण्हायचा. मी सेल्फ बदलला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. महिन्याभरात क्लच जड झाला, मग अडकायला लागला. केबल काढली तर तिचं आतलं प्लास्टिक वितळलेलं. क्लचच्या केबलला कोण तापवणार, हे कळायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

झालं होतं ते असं. सेल्फचा करंट इंजिनच्या ब्लॉकमध्ये परत येतो, आणि ब्लॉक रबराच्या माउंटिंगवर बसलेला असतो. बॅटरी पुढे असताना तिच्या निगेटिव्हपासून एक जाड वायर थेट ब्लॉकला आणि एक बारीक वायर बॉडीला जाते. बॅटरीसोबत मी ती जाड वायरही काढून टाकली. उरली फक्त इंजिन आणि बॉडीमधली एक बारीक पट्टी, जी कधीच दोनशे अँपिअरसाठी बनवलेली नव्हती. मग करंटने दुसरी वाट शोधली : क्लचची केबल. काही गाड्यांत ॲक्सिलरेटरची केबल किंवा गिअरचा दांडा हेच भोगतो.

तेव्हा निगेटिव्ह डिकीत बॉडीला द्या, पण इंजिनच्या ब्लॉकपासून बॉडीपर्यंत पुढे तितकीच जाड, ५० स्क्वेअर एमएमची, आखूड पट्टी हवीच. ती ब्लॉकवर सेल्फच्या जवळ घ्या. डिकीतला बोल्ट नुसत्या फरशीच्या पत्र्याला नको, जिथे चासीचा जाड भाग आहे तिथे. रंग, सीलंट, गंज काढून चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, लग कसा, आणि मग वरून ग्रीस किंवा रंग मारा. आधी रंग मारून मग लग कसणारे महाभाग मी पाहिलेत. तुमच्या गाडीची बॉडी सगळी पोलादी आणि वेल्ड केलेली आहे, तिचा छेद एवढा मोठा असतो की ती परतीची वायर म्हणून उत्तम काम करते. ॲल्युमिनियमची, चिकटवून जोडलेली किंवा फायबरची बॉडी असती तर निगेटिव्हची पूर्ण केबलच पुढपर्यंत नेली असती. नव्या गाड्यांत निगेटिव्हच्या क्लॅम्पवर बॅटरीचा सेन्सर असतो, तो वायरीसकट मागे न्यावा लागतो. तुमच्यात तो नसणार.

बॅटरी कुठली? तुमची पाण्याची बॅटरी डिकीत नेऊ नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतो, सोबत ॲसिडचे बारीक कण. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीला पुरतो आणि ७५ टक्क्यांपर्यंत तो स्फोटक राहतो. बॉनेटखाली वारा तो उडवून नेतो. बंद डिकीत नेणार कोण? हॅचबॅक असेल तर डिकीची आणि तुमची हवा एकच. सीलबंद एजीएम घ्या. तिच्यात वायू आतल्या आत पुन्हा पाणी होतो. पण रेग्युलेटर बिघडून जास्त चार्ज झाली तर तीही झडपेतून श्वास सोडते, म्हणून ज्या एजीएमला बाजूला नळीचं तोंड असतं तीच निवडा आणि नळी ग्रोमेटमधून गाडीखाली, सायलेन्सरपासून दूर काढा. दुसऱ्या बाजूचं तोंड बुचाने बंद. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या माझदा एमएक्स-५ ची बॅटरी कारखान्यानेच डिकीत ठेवली होती, तीही सीलबंद आणि बाहेर काढलेल्या नळ्यांसकट. बीएमडब्ल्यूने तर डिकीतल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर बारूद भरलेलं टर्मिनल बसवलं, एअरबॅग फुटण्याइतका अपघात झाला की ते सेल्फची केबल स्वतःच तोडतं. ज्यांना सगळा हिशेब ठाऊक आहे ते या वायरीला किती घाबरतात ते यावरून बघा.

बसवण्याची ताकद हा विषय पट्ट्या आणि रबरी दोऱ्यांवर सोडू नका. जोरदार टकरीत २० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट झटका, धरला तर १६ किलोची वस्तू ३२० किलोच्या जोराने सुटू बघते. डिकीचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो, त्यातून बोल्ट वॉशरसकट उपटून येतो. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संस्थेचा रॅलीसाठीचा नियम घरच्या गाडीलाही उत्तम आहे : धातूची बैठक, इन्सुलेशन असलेले दोन धातूचे क्लॅम्प, किमान १० मिलिमीटर जाडीचे बोल्ट, आणि प्रत्येक बोल्टखाली, पत्र्याच्या खालच्या बाजूला, किमान ३ मिलिमीटर जाड आणि २० चौरस सेंटिमीटरची प्लेट. ड्रिल हातात घेण्याआधी गाडीखाली झोपा. मागच्या सीटच्या आसपास पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि हँडब्रेकच्या केबली असतात. वरून खूण करून ‘इथे काही नसेल’ म्हणत भोक पाडणं हा प्रकार एकदाच घडतो.

ट्रॅकवर जाणार म्हणजे गाडीची सगळी वीज एकदम तोडणारा कट-ऑफ स्विच लागणारच. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमात तर बॅटरी हलवलेल्या गाडीला मागे बाहेरून दाबता येईल असा स्विच सक्तीचा आहे. एफआयएची त्यासाठीची खूण तुम्ही पाहिली असेल : पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण, आत लाल ठिणगी, पाया किमान १२ सेंटिमीटर. आपल्याकडे येणाऱ्या पत्रांत सगळ्यांत जास्त चूक होते ती इथे. दोन टर्मिनलचा साधा स्विच बॅटरीच्या वायरीत घालतात. चालत्या इंजिनात तो फिरवला तर बॅटरी सुटते, पण इंजिन बंद पडत नाही, कारण अल्टरनेटर त्याला वीज देतच राहतो. शिवाय बॅटरीचा आधार अचानक गेल्यामुळे अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो. संरक्षण नसेल तर तो क्षणभर शंभर व्होल्टच्या घरात जाऊ शकतो, आणि इसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, बळी जातो. सहा टर्मिनलचा स्विच घ्या. त्याच्या जास्तीच्या संपर्कांतून इग्निशन तुटतं आणि अल्टरनेटरची उरलेली वीज एका रेझिस्टरमधून अर्थ होते.

सगळं जोडून झालं, निगेटिव्ह सर्वांत शेवटी कसला, की लगेच फेरी मारायला जाऊ नका. मल्टिमीटर काढा. गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि कोणाला तरी पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हच्या शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर. लांब वायर जोडावी लागेल, जोडा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. मग निगेटिव्हचा खुंट आणि इंजिनचा ब्लॉक : ०.२ च्या आसपास, ०.३ च्या वर नको. माझ्या त्या क्लच जाळणाऱ्या गाडीत हा आकडा दीडच्या वर आला होता आणि तो मोजायला मला दोनच मिनिटं लागली असती. सेल्फ फिरताना बॅटरीवर ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. शेवटी इंजिन सुरू करून, हेडलाइट आणि पंखा लावून, डिकीतल्या बॅटरीवर १३.८ ते १४.५ मिळतात का बघा. पुढे अल्टरनेटरवर ठीक आणि मागे कमी असेल तर मधला एखादा सांधा खातोय. पहिल्या ट्रॅकच्या दिवसानंतर प्रत्येक लगला हात लावा. जो बाकीच्यांपेक्षा गरम लागेल तो पुन्हा करायचा.

पुढे बॉनेटखाली, जुन्या पॉझिटिव्हच्या जागी, लाल झाकणाचा एक जंक्शन पोस्ट ठेवा. फ्यूजबॉक्सची वायर तिथे घेता येते आणि बॅटरी बसली तर बाहेरून जंप लावायलाही तोच कामी येतो. तो नसेल तर काय होतं ते सांगतो : समजा तुमच्या गाडीची डिकी बटणावर उघडते, बटणाला वीज लागते, वीज बॅटरीत आहे आणि मेलेली बॅटरी बंद डिकीत. किल्लीने डिकी उघडते का, हे आजच जाऊन बघा. वीस वर्षांत ते कुलूप कोणी फिरवलेलं नसेल, आधी थोडं तेल सोडा.